मागच्या सीटखालची जाळी

विकायला आणलेली गाडी नेहमी धुतलेली असते. वर्ष-वर्ष जिला फडकं लागलं नाही ती त्या दिवशी चकाचक, टायरला काळं पॉलिश, समोर ताजी लिंबू-मिरची, आणि मालकाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. हिंगोलीच्या एका शोरूममध्ये जुन्या गाड्यांची किंमत सांगायला मी बरीच वर्षं बसलो, त्याआधी तिथल्याच वर्कशॉपमध्ये पाने फिरवले. त्यामुळे धुतलेल्या गाडीकडे मी आधी बघायचोच नाही. आत बसायचो, काचा वर करायचो आणि नुसता वास घ्यायचो. वसमतकडची गाडी असली की सीटच्या शिवणीत हळद असते, कितीही धुवा. पाण्यात बुडून निघालेल्या गाडीचा ओल्या गोणपाटासारखा वास अत्तर मारूनही जात नाही.

मग दाराचं रबर ओढून बघायचं. त्याखाली कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके असतात, सारख्या अंतरावर. गाडी ठोकून सरळ केलेली असली की ते वेडेवाकडे होतात. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. तळाशी एक कापडी चिठ्ठी असते, तिच्यावर साल छापलेलं असतं. गाडी एका सालातली आणि पट्टा दुसऱ्या सालातला निघाला, की काही बोलायचं नाही, मालकाकडे नुसतं बघायचं. तो आपण होऊन सांगायला लागतो.

हे सगळं मी मोठ्या आवडीनं केलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा मला तोरा होता. आणि जे सांगायला बसलोय ते नेमकं माझ्याच डोळ्यांसमोर, माझ्याच सल्ल्यानं झालं होतं.

माझ्या टेबलावर दोन कामं होती. जुनी गाडी घेऊन नवी देणं हे एक, आणि नव्या गाडीबरोबर वाढीव वॉरंटी विकणं हे दुसरं. कंपनी ठरावीक वर्षांची वॉरंटी देतेच. ती संपल्यावर पुढची काही वर्षं हवी असतील तर वेगळे पैसे भरायचे, ती वाढीव. तिचं पुस्तक आठ पानांचं. पहिल्या पानावर काय काय मिळतं ते ठळक अक्षरांत, आणि उरलेल्या सात पानांवर काय काय मिळत नाही ते बारीक अक्षरांत, इंग्रजीत. मी पहिलं पान वाचून दाखवायचो. नंतर म्हणायचो, "बाकी नियम आहेत नेहमीचे." आणि पेन पुढे करायचो.

त्यात हायब्रीड गाड्या आल्या. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. ब्रेक मारला की वाया जाणारा जोर वीज होऊन बॅटरीत साठतो आणि पुढं तोच वापरला जातो, त्यामुळे पेट्रोल कमी लागतं. घरी चार्जिंगला लावायची गरज नाही. पण हे पटवायचं अवघड. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाबेवाल्यानं गाडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, "साहेब, वायर कुठं खोसायची? सापडूनच न्हाई राहिली." मी म्हणालो, वायर नसतेच. तो म्हणाला, "मंग तुमी वायर द्यायची विसरले, आन् आता झाकून राहिले." पुढचे दोन महिने तो येता-जाता माझ्याकडे वायर मागायचा.

राठोडबाई अशातल्या नव्हत्या. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तांडे-वस्त्या पायी आणि पुढं स्कूटीवर फिरून लेकरांना लस दिली. निवृत्त झाल्यावर गाडी शिकल्या. त्यांचे यजमान हरिभाऊ यांना कंबरेचं दुखणं होतं. नांदेडला डॉक्टरांकडे वरचेवर जावं लागायचं, आणि जीपमध्ये दाटीवाटीनं बसणं त्यांना जमत नव्हतं. बाईंनी गाडी निवडताना एकच अट घातली. "हादरे नको बसाया. यांना मागच्या सीटवर आडवं होता आलं पायजे."

हायब्रीड मीच सुचवली. वाढीव वॉरंटी मीच दिली. आणि हरिभाऊंना मऊ बसावं म्हणून जाड फोमचं, जमिनीपर्यंत उतरणारं सीटकव्हर घ्या, हेही मीच सांगितलं. आमच्याच शोरूमच्या माणसानं ते बसवलं. बाईंनी प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मला म्हणाल्या, "गंगाधरभाऊ, मी कागद टाकत न्हाई. नोकरीतली सवय हाय." मी हसलो. अशी गिऱ्हाइकं आम्हाला फार आवडायची.

काही वर्षं गाडी बिनतक्रार चालली. दर सर्व्हिसिंगला बाई वेळेवर यायच्या. एकदा वाशिमकडून येताना गाडीत लाल दिवा लागला, जोर कमी झाला. टो करून वर्कशॉपला आणली. कॉम्प्युटर लावल्यावर पडद्यावर आलं, मुख्य बॅटरीत बिघाड. ती बॅटरी म्हणजे त्या गाडीतला सगळ्यात महागाचा भाग. वर्कशॉपनं आत उघडून फोटो काढले आणि वॉरंटीचा दावा कंपनीकडे पाठवला.

मग जे सुरू झालं ते अनेकांनी भोगलंय. बाई मोफत नंबरवर फोन करायच्या. तिकडून हिंदीत कुणीतरी तक्रार क्रमांक द्यायचं. पुढच्या वेळी दुसरा आवाज, पुन्हा सगळं पहिल्यापासून. वर्कशॉप म्हणायचं कंपनीकडे आहे, कंपनी म्हणायची वर्कशॉपकडून कागद यायचाय. दरम्यान हरिभाऊ एकदा जीपनं नांदेडला गेले आणि आल्यावर चार दिवस उठले नाहीत. दोन महिन्यांनी इंग्रजीत पत्र आलं. देखभालीत हलगर्जी, सबब दावा नामंजूर. मूळ वॉरंटी, वाढीव वॉरंटी, दोन्हींतून नाही.

बाई हरिभाऊंना बाहेरच्या बाकावर बसवून माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. ते पत्र पिशवीतून काढून समोर ठेवलं.

"हलगर्जी म्हंजे काय केलं मी?" त्यांनी विचारलं. "एक सर्व्हिसिंग चुकवली न्हाई. बराबर तारखेला आले. काय केलं, तेवढं सांगा."

मी पत्र चाळलं. क्लेमचं काम वर्कशॉपचं, माझं नाही, असं मनाशी म्हटलं आणि बोललो, "बाई, कंपनीचे नियम असतात."

"व्हय. नियमच असतात." त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "आता मला ताकद न्हाई. ही घ्या तुमच्याकडं, आन् दुसरी साधी एखादी द्या. यांची लई तकलीफ होऊन राहिली."

मी किल्ली घेऊन अंगणात गेलो. नेहमीसारखा आत बसलो, वास घेतला, रबर बघितलं, पट्टा ओढला. गाडी लेकरागत सांभाळलेली होती. मग मागचं दार उघडलं. सीटकव्हर वर्कशॉपवाल्यांनी फोटोसाठी खालच्या कडेला उचकटलं होतं, आणि तसंच परत दाबून ठेवलं होतं. मी ते वर केलं.

आता हे जरा समजावून सांगतो. हायब्रीडची बॅटरी चालताना तापते. तिला थंड ठेवायला आत पंखा असतो, आणि तो पंखा गाडीतलीच गार हवा ओढतो. ती हवा आत जायला मागच्या सीटच्या कडेला, खाली, पंजाएवढी एक जाळी असते. ती जाळी आमच्या सीटकव्हरखाली पूर्ण झाकली गेली होती. कव्हरच्या फटीतून जेवढी हवा जायची तिच्याबरोबर घरातल्या कापसाचा तंतू आत गेला होता, कारण हंगामात त्यांची गाडी कापसाच्या ढिगाशेजारीच उभी असायची. बोट घालून मी तो बाहेर ओढला. वातीसारखा लांब निघत राहिला.

मी वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. मला तिथंच कळलं की बॅटरी बहुतेक शाबूत आहे. हवा बंद झाली म्हणून ती तापली, तापली म्हणून दिवा लागला. पंखा काढून साफ केला तर सकाळभराचं काम. कॉम्प्युटरनं बॅटरी म्हटलं म्हणून वर्कशॉपनं बॅटरी म्हटलं, आणि ती खरंच गेलीय का, हे पुढं कुणी बघितलंच नाही. आणि फोटोत झाकलेली जाळी बघून कंपनीनं ज्याला हलगर्जी म्हटलं होतं ते कव्हर आमचं. सल्ला माझा. इतक्या सर्व्हिसिंगमध्ये आमच्या माणसांनी तपासणीच्या कागदावर जाळीच्या चौकटीत दर वेळी 'तपासली' अशी खूण केली होती, तेही आमचंच.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गंगाधरराव, किंमत बॅटरी गेलेल्या गाडीची सांगा," ते म्हणाले. "घेतल्यावर आपण साफ करू."

"पण सर, कव्हर आपण..."

"तुम्हाला आता किती दिवस राहिले?"

निवृत्तीला माझे नऊ महिने राहिले होते. ते त्यांनाही माहीत होतं.

मी टेबलाशी परत आलो आणि बॅटरी गेलेल्या गाडीची किंमत सांगितली. बाईंनी घासाघीस केली नाही. फॉर्मवर सही केली; दुसरी साधी गाडी मागून मिळणार होती. हरिभाऊंना बाकावरून उठवायला मी हात दिला. बाईंनी गाडीतून त्यांची उशी आणि पाण्याची बाटली काढली, आणि दोघं सेनगावच्या एसटीसाठी स्टँडकडे चालत गेले. हरिभाऊ दर दहा पावलांवर थांबत होते. मी काचेतून बघत होतो.

ही गोष्ट मी त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही. शुक्रवार होता. शनिवारी मी कामावर गेलो, दोन गाड्या बघितल्या, डबा खाल्ला. रविवारी सकाळी मोटारसायकल काढली. बायकोनं विचारलं, कुठं? म्हणालो, तांड्यावर. तिनं आणखी विचारलं नाही, कारण दोन दिवस मी घरात कसा वागत होतो ते ती बघत होती.

राठोडबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मला बघून त्यांना वाटलं कागद राहिला असेल काही. हरिभाऊ आत पलंगावर होते. बाईंनी त्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, चहा ठेवला आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही, सांगून टाकलं.

"बाई, बॅटरी मेलेली न्हाई. तिला हवा मिळत नव्हती, एवढंच. सीटच्या कव्हरानं जाळी झाकली. पंखा साफ केला की गाडी चालंल. आन् ते कव्हर मीच तुमाला दिलं होतं."

सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"हे तुमाला कवा कळलं?"

"शुक्रवारी."

"सही व्हायच्या आदी का मागून?"

"आदी."

"मंग काहून न्हाई सांगितलं?"

मी रस्त्यानं येताना यावर बरीच उत्तरं जुळवली होती. ती सगळी सोडून दिली. "भ्यालो," मी म्हणालो. "नोकरीला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. रागावल्या होत्या, हे दिसत होतं. आत जाऊन चहाचे कप आणले, एक माझ्यापुढं जरा जोरातच ठेवला, आणि समोर बसल्या.

"माझ्या नोकरीतलं सांगते," त्या म्हणाल्या. "एकदा दवाखान्यातली लाईट गेली. फ्रिज बंद. मला कुणी सांगितलं न्हाई. त्यातली लस घेऊन मी एका वस्तीवर गेले आन् सव्वीस लेकरांना टोचली. सांजच्याला आल्यावर कळलं, लस गरम झालती. म्हंजे टोचली न टोचली सारखीच. गप बसले असते तर कुणाला कळणार होतं? लेकरू काय सांगणार, माझी लस बाद होती म्हणून? दुसऱ्या दिशी सकाळी परत गेले. घरोघर सांगितलं, पुन्हा टोचावं लागंल. बायांनी लई शिव्या दिल्या. एकीनं अंगावर पाणी फेकलं. पर सव्वीसच्या सव्वीस पुन्हा टोचली."

त्यांनी कप उचलून एक घोट घेतला.

"मीबी एक रात गप होते, गंगाधरभाऊ. तुमी दोन राती होता. तेवढाच फरक."

आतून हरिभाऊंचा आवाज आला, त्यांना पाणी हवं होतं. बाई उठल्या, पाणी देऊन आल्या, आणि दारातच थांबल्या.

"पर मला एक सांगा. त्या बॅटरीला थंड ठेवाया लागतं, हे पयल्या दिवशी काहून न्हाई सांगितलं? माझा जलम गेला बर्फाची पेटी सांभाळण्यात. उन्हात कोसकोस चालले, पर पेटीचं झाकण उगीच उघडलं न्हाई. मी काय एक जाळी सांभाळली नसती?"

गाडी देताना मी त्यांना पाऊण तास आतले दिवे, गाण्याची यंत्रणा, मागचा कॅमेरा दाखवला होता. त्या आठ पानांत सहाव्या पानावर जाळीबद्दल एक ओळ होती. ती ओळ मी त्यांच्या भाषेत सांगितली असती तर त्यांना एका वाक्यात कळलं असतं, माझ्यापेक्षा जास्त चांगलं. मी आयुष्यभर गाड्यांमध्ये काय दडलंय ते शोधत आलो. समोरच्या माणसाला आधीच काय काय कळतं, ते कधी शोधलं नाही.

सोमवारी बाई पहिल्या एसटीनं आल्या. त्यांचे कागद अजून आरटीओकडे गेले नव्हते. त्यांनी फॉर्म परत मागितला. मॅनेजर गोड बोलले, व्यवहार झालाय म्हणाले. बाईंनी पिशवीतून सीटकव्हरची पावती काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली, वर आमचा शिक्का. "हे तुमीच बसवलंय. आता ही पावती आन् ह्ये पत्र घेऊन मी ग्राहक मंचात जाऊ, का तुमी फॉर्म देता?"

मी माझ्या सहीनं एक कागद लिहून दिला, कव्हर कुणी सुचवलं, कुणी बसवलं, जाळी कशी झाकली गेली. मॅनेजरनी तो वाचला आणि माझ्याकडे न बघता फॉर्म बाईंपुढं सरकवला.

पंखा बाईंच्या समोर खोलला. त्या चष्मा लावून मेकॅनिकशेजारी उभ्या होत्या, ऑपरेशनला उभ्या राहाव्या तशा. मुठीएवढा कापूस निघाला. साफ करून जोडल्यावर दिवा गेला. पण सगळं काही गोड झालं नाही. तापून तापून बॅटरीचा काही भाग कायमचा अशक्त झाला होता. गाडी चालणार होती, पण पहिल्याइतकं पेट्रोल वाचणार नव्हतं. दावा पुन्हा टाकला. कितीतरी आठवड्यांनी उत्तर आलं, पंखा बदलून मिळेल, बॅटरी नाही. माफीचा शब्द नाही. बाईंनी तेही पत्र पिशवीत ठेवलं.

माझं टेबल सुट्या भागांच्या खोलीत हलवलं. वॉरंटी विकायचं काम गेलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. रिकामा वेळ होता, म्हणून जुन्या नोंदी काढल्या आणि तसलंच कव्हर बसवलेल्या हायब्रीडच्या सगळ्या मालकांना फोन केले. जाळीजवळचं कव्हर कापून टाका, म्हणून सांगितलं. काहींनी लगेच कापलं. ढाबेवाल्यानं विचारलं, "ती वायर तिथं हाय का?" एकानं मला समजावलं, "अहो, वॉरंटी हाय की. काहून टेन्शन घेता?"

नऊ महिने पूर्ण करून मी निवृत्त झालो. निरोपाचा कार्यक्रम झाला, हार घातला, फोटो काढला. फोटोत मॅनेजर माझ्या शेजारीच उभे आहेत.

त्यानंतर वर्षभरानं बाईंचा फोन आला. हरिभाऊंचं ऑपरेशन झालं होतं, आता डॉक्टरांनी लांबचा प्रवासच बंद केला होता. "मला एकलीला स्कूटी बास हाय," त्या म्हणाल्या. "डोंगरकड्याचे एक मास्तर गाडी बघाया येऊन राहिले. तुमी या. भाव तुमी सांगा." डोंगरकडा माझं गाव, मास्तर तोंडओळखीचे. गेलो.

मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मी काही सांगायच्या आत बाईंनी मागचं दार उघडलं, खाली बसल्या, जाळी दाखवली. बॅटरी कधी तापली, कशानं तापली, तिचा कोणता भाग अशक्त आहे, पेट्रोल आता किती जातं, सगळं सांगितलं. दोन्ही पत्रं हातात दिली. मास्तर माझ्याकडे बघायला लागले, विकणारा माणूस असं बोलतो का, अशा नजरेनं. मग मी भाव सांगितला. हे सगळं लपवलं असतं तर जो आला असता त्यापेक्षा तो बराच खाली होता. बाईंनी मान हलवली. बराबर हाय, म्हणाल्या.

मास्तर तरी घुटमळत होते. माणूस पगारातला, पहिलीच गाडी घेत होता.

"हिला वॉरंटी आहे का काही?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हणणार होतो. बाई मध्येच बोलल्या.

"हाय की. मी हाय. रस्त्यात बंद पडली तर मला फोन करा, घरीच असते. लागला न्हाई तर सेनगावच्या स्टँडवर कुणालाबी विचारा, नर्सबाईचं घर कोणतं."

मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला आणि नंबर विचारला.